आत्मविश्वास वाढवून मिळेल

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, “तुमच्या दुकानातल्या गमती लिहा. दिवाळीत लोकांना हसायला काहीतरी लागतं.” गमती भरपूर आहेत, त्या लिहितोच. पण त्या लिहून झाल्यावर मी थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

रत्नागिरीत एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझं दुकान आहे. इंग्रजी अर्ज, पत्रं, निवेदनं तयार करून देणं हा धंदा. गिऱ्हाईक मराठीत सांगतं, मी ते इंग्रजीत मांडतो आणि शुभांगी टाइप करते. शुभांगी दुकान उघडल्यापासून माझ्याकडे आहे. तिचे हात कीबोर्डवर जेवढे चालतात त्याहून जीभ जास्त चालते. तिच्यासमोर मोठेपणा मिरवायची सोय नाही.

या धंद्यात माणसाला म्हातारं करणारी गोष्ट म्हणजे इंग्रजीतले ते चिमुकले शब्द. इन, ऑन, ॲट, बाय, टू. आपण मराठीत शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लावून मोकळे होतो: घरात, घरी, घरावर. इंग्रज तसा सरळ माणूस नाही. तो मंगळवारच्या वर बसतो, मे महिन्याच्या आत शिरतो आणि दुपारी बाराच्या जवळ जाऊन उभा राहतो. मोटारीत बसला तर आत असतो, बसमध्ये बसला तर वर. टपावर बसून गेलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत, पण इंग्रज आत खिडकीजवळच्या सीटवर बसूनसुद्धा बसच्या वरच असतो. यामागे नियम आहेत असं सांगणारी पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. त्यांत नियमाला एक पान असतं आणि अपवादांना अख्खं प्रकरण.

मी नियमांच्या नादी फारसा लागलो नाही. माणसाला विचारायचो, “नेमके कुठे होतात? कसे होतात? तुम्ही गेलात की कुणी पाठवलं?” चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं की शब्द आपोआप सापडतो. एकदा एक मच्छीमार आला. त्याचा फोन समुद्रात पडला होता आणि कंपनीला पत्र पाठवायचं होतं. होडी लहान असेल तर माणूस तिच्या आत असतो, मोठं जहाज असेल तर वर. म्हणून मी विचारलं, “बोट केवढी?”

“फोन पडलाय हो माझा,” तो म्हणाला. “बोट कशाला मोजताय?”

शुभांगी म्हणाली, “सांगा बाबा लवकर. नायतर ते तुमच्यासोबत बंदरावर येतील टेप घेऊन.”

आणि एक पद्धत मी पहिल्यापासून ठेवली होती. मजकूर इंग्रजीत झाला की छापण्याआधी तो गिऱ्हाइकाला परत मराठीत वाचून दाखवायचा. सांगितलेलं मराठी नव्हे, इंग्रजीवरून उलटं केलेलं मराठी. त्यात खरी परीक्षा होते. गिऱ्हाईक मान हलवतं, किंवा एकदम ओरडतं, “छे छे, असं नाय म्हटलं मी!” ते ओरडणं ऐकण्यासाठीच तर वाचायचं. आमच्याकडची माणसं सरळ कधी बोलत नाहीत. “असेल बहुतेक”, “म्हणजे मी काय बघितलं नाय हां”, “तसं म्हणता येईल”. बाहेरच्याला वाटतं, भित्री माणसं. ती भित्री नाहीत. जेवढं पाहिलं तेवढंच अंगावर घ्यायचं, पुढचं ‘असेल’वर सोडायचं, हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. तो ‘असेल’ इंग्रजीत जसाच्या तसा उतरवणं ही माझी कारागिरी होती. होती म्हणतो.

मग संगणकात ते व्याकरण तपासणारं यंत्र आलं.

यंत्राची पहिली ओळख मला पावस गावच्या एका आंबेवाल्याच्या मुलाने करून दिली. शिकलेला, दाढी कोरलेला, कानात सदैव काहीतरी खोचलेलं. दुबईला गेलेल्या पेट्यांतला बराच माल कुजलेला निघाला होता आणि व्यापाऱ्याला दिलगिरीचं पत्र पाठवायचं होतं.

“लिहायचं काही नाही, फक्त प्रिंट द्या,” तो म्हणाला. “ॲपने शंभरपैकी शंभर दिलेत.”

मी वाचलं. आमची फळं अपेक्षेपेक्षाही अधिक परिपक्व अवस्थेत आपल्यापर्यंत पोचली हे कळवताना आम्हांला अत्यंत आनंद होत आहे, असा पहिल्या वाक्याचा अर्थ होता.

“फळं कुजली ना?” मी विचारलं.

“कुजली. पण टोन बघा ना काका. पॉझिटिव्ह आहे.”

“समोरचा माणूस पेटी उघडून बसलाय. त्याला वास येतोय.”

“तुम्ही जुन्या पद्धतीने विचार करता.”

पत्रात चूक एकही नव्हती. प्रत्येक इन आणि ऑन जागच्या जागी. इतकं निर्दोष आणि इतकं निर्लज्ज इंग्रजी मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याने ते तसंच पाठवलं. दुबईचं उत्तर काय आलं ते त्याने मला सांगितलं नाही, पण पुढच्या हंगामात त्याचे वडील स्वतः आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, “पोराला विचारू नका. मी सांगतो तसं लिहा.”

एवढं बघूनही मी त्या यंत्राच्या आहारी गेलो. त्याला कारण झाले एक निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस. नातवाने त्यांच्या संगणकावर ते तपासणीचं यंत्र बसवून दिलं आणि त्याने यांच्या पहिल्याच पत्रात लाल रेघ मारली. ते तणतणत माझ्याकडे आले.

“मी ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लिहिलं, तर हा म्हणतो काढा! माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कचेऱ्यांमधून साहेब होऊन बसलीत. हा कोण काढणारा?”

“राहू द्या सर तसंच,” मी म्हणालो. “यंत्राला काय कळतंय!”

ते गेल्यावर मी गुपचूप कोश उघडला. यंत्राचं बरोबर होतं. तो ‘अबाउट’ तिथे नको होता, आणि मी तो इतकी वर्षं माझ्या प्रत्येक अर्जात ऐटीत घालत आलो होतो. रत्नागिरीतल्या किती साहेबांच्या टेबलांवर माझी ती चूक पोचली असेल! मी सरांना खरं सांगायला गेलो नाही. त्याऐवजी त्याच संध्याकाळी तेच यंत्र विकत घेतलं आणि त्याचा शिष्य झालो. माणूस एका ठिकाणी रंगेहाथ सापडला की उरलेल्या सगळ्या ठिकाणी मान खाली घालून उभा राहतो. माझं तसं झालं. ज्याने माझा ‘अबाउट’ पकडला, तो बाकीचंही बरोबरच सांगत असणार, असं मी धरून चाललो. त्याला कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते पाठ आहे. आपला माणूस कुठे उभा होता हे मात्र त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. हा फरक मला कळत नव्हता असं नाही, पण कळूनही हिरवी खूण दिसली की बरं वाटायचं.

हळूहळू उलटं वाचून दाखवणं सुटलं. गर्दी असायची, हे खरं. पण गर्दी आधीही असायची.

महेश आला तो अशा दिवसांत. पावसच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतला, जहाजावर खलाशी. तिशीच्या आतबाहेरचा, दारात चपला काढून आत येणारा. “सारंगांनी तुमचं नाव सांगितलं,” म्हणाला.

हे सारंग म्हणजे दाभोळचे हसनभाई. जहाजावर खलाशांचा जो मुकादम असतो, त्याला आता बोसन म्हणतात, पण आमच्या किनाऱ्यावर जुना शब्द सारंगच. हसनभाई माझं जुनं गिऱ्हाईक. महेशला पहिल्या जहाजावर त्यांनीच घेतलं, दोर बांधायला शिकवलं, उलट्या होत असताना भात भरवला. त्या गोष्टी महेशनेच मला कौतुकाने सांगितल्या.

दोघांच्या जहाजावर अपघात झाला होता. डेकवरच्या एका टाकीचं झाकण उघडं राहिलं आणि रात्रपाळीचा एक फिटर आत पडला. माणूस वाचला, पण कमरेतून गेला. सगळे घरी परतल्यावर कंपनीने प्रत्येकाकडून इंग्रजीत लेखी जबाब मागवला होता.

महेश सांगत होता आणि सांगताना हाताच्या अंगठ्याचं नख कुरतडत होता. “झाकण कोणी उघडं ठेवलं ते मला माहीत नाय सर. शेवटी तिथे सारंग असतील, असं आपलं मला वाटतं. पण मी बघितलं नाय हां. असतील म्हणजे, त्यांचीच पाळी होती म्हणून म्हणतो. बघितलं नाय मी.”

मी इंग्रजी केलं. ते इमानदारीने केलं होतं, एवढं मला स्वतःच्या बाजूने म्हणू द्या. ‘वाटतं’ होतं, ‘असतील’ होतं, ‘मी पाहिलं नाही’ होतं. मग मजकूर यंत्रात घातला. तिथे रेघांचं रान उठलं. ‘वाटतं’मुळे तुमचं म्हणणं कमकुवत होतं. ‘असतील’ अनावश्यक. ‘पाहिलं नाही’ या वाक्यामुळे वाचकाचा विश्वास कमी होतो. अधिक आत्मविश्वासाने लिहा. खाली बटण होतं, सगळे बदल स्वीकारण्याचं. मी ते दाबलं.

आता तिथे असं वाक्य उरलं की, शेवटी तिथे सारंग होते आणि त्यांनी झाकण उघडं ठेवलं. सुटसुटीत आणि ठाम. हिरवी खूण.

शुभांगीने प्रिंट काढता काढता विचारलं, “भाऊ, वाचून नाही दाखवत?”

“काय वाचायचं त्यात? चूक एकही नाही.”

महेशने सही केली. त्याला इंग्रजी वाचता येतं ते जहाजावरच्या पाट्यांपुरतं. जाताना वाकून नमस्कार केला.

काही महिन्यांनी हसनभाई आले. उंचापुरा माणूस, पण त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसले होते. कंपनीचं पत्र आलं होतं. आपल्याच हाताखालच्या माणसाने लिहून दिलं आहे, खुलासा करा. आणि खाली ते वाक्य. माझ्या दुकानात जन्मलेलं वाक्य, मी ओळखणार नाही तर कोण?

“मास्तर,” ते म्हणाले, “मी झाकण लावून घेतलेलं. माझ्या हातानं. नंतर कोणी उघडलं ते अल्लाला ठाऊक. पण महेशनं असं का लिवलं असंल? माझा त्याच्याशी वाकडा शब्द नाय कधी.”

शुभांगीचे हात कीबोर्डवर थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती.

“मी काय सांगणार?” मी म्हणालो.

मग मी त्यांना खुलासा लिहून दिला. इतकं सुंदर इंग्रजी मी क्वचित लिहिलं असेल. प्रत्येक ऑन आणि ॲट हिऱ्यासारखा बसवलेला. फक्त ज्या एका ओळीने त्यांची सुटका झाली असती, ती त्यात नव्हती. ती ओळ अशी होती: महेशचं ते वाक्य महेशचं नाही. ती लिहायला व्याकरण लागत नव्हतं.

ते गेल्यावर शुभांगी म्हणाली, “आता तरी सांगा भाऊ.”

“दुकानाचं नाव जाईल.”

“एवढं काय नाव आहे दुकानाचं?” एवढंच बोलून तिने चहा सांगितला आणि माझ्यासाठी सांगायला विसरली. विसरली नव्हती.

हसनभाईंना त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. अशी गोष्ट या धंद्यात फिरते, त्यामुळे दुसऱ्यांनीही नाही. महेशला दुसरीकडे काम मिळालं. मी दुकान चालवत राहिलो. बऱ्याच उशिरा धीर करून कंपनीला खरं काय ते कळवलं. लगेच उत्तर आलं. तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, म्हणे. चूक एकही नव्हती. माझ्या यंत्राचाच कुणीतरी भाऊबंद तिकडे बसलेला असणार. यंत्राने बिघडवलेलं मी यंत्राला कळवत होतो, आणि यंत्र मला धन्यवाद देत होतं. यापुढे कुणी मला तंत्रज्ञानाच्या क्रांतीवर व्याख्यानाला बोलावलं, तर मी हेच सांगेन आणि खाली बसेन.

यंदा गणपतीच्या आधी हसनभाई पुन्हा दुकानात आले. दाढी पांढरी झालेली. एका मासळीच्या कारखान्यात रखवालदार हवा होता, त्यासाठी अर्ज हवा होता.

“चांगला लिवा मास्तर. इंग्रजीत असला म्हंजे बरा दिसतो.”

सातासमुद्रांवर माणसं हाकलेला सारंग फाटकावर काठी घेऊन बसण्यासाठी माझ्याकडे शब्द मागत होता. मी लिहायला लागलो. अनुभव, वय, गाव. यंत्राने सवयीने सुचवलं, अधिक आत्मविश्वासाने लिहा. मी संगणक बंद केला.

आणि सांगितलं. महेश काय म्हणाला होता, यंत्राने काय खोडलं, वाचून दाखवायचं कसं राहिलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, मी ‘यंत्राने’, ‘यंत्राने’ असंच म्हणतोय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बटण कोणी दाबलं?”

“मी.”

“मग यंत्राचं नाव कशाला घेता? आन् मी इथं बसलेलो, ह्याच खुर्चीवर, तुमाला विचारलं. तेव्हा पण यंत्रच होतं काय तुमच्या तोंडात?”

शुभांगी खाली मान घालून बसली होती. एरवी तिने माझी बाजू घेतली नसती, पण टोमणा तरी मारला असता.

हसनभाई उठले. दारात थांबून म्हणाले, “माझी नोकरी गेली ती गेली. दुसरंच एक डोक्यात होतं. तीन वर्सं ते पोर माझ्या घरी येत नाय. ईदला यायचं, फणस घेऊन यायचं. मी म्हटलं, लिवलंन् म्हणून लाजतोय, येणार कुठून? मला सांगून काय उपेग मास्तर? त्याला सांगा.”

अर्ज तसाच राहिला. न घेता गेले.

गणपतीला महेश रजेवर आला होता. मी त्याच्या वाडीत गेलो. आई मागीलदारी होती, तो ओट्यावर बाप्पासाठी आणलेल्या केळीच्या खांबाला दोरी बांधत होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, या वेळी ‘मी’ म्हणत.

ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी वाट बघत होतो. राग आला नाही. तो गोंधळला.

“म्हणजे,” तो म्हणाला, “मी तसं बोललो नव्हतो?”

“नव्हतास.”

“कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, तू सारंगांचं नाव लिहून दिलंयस, खाली तुझी सही आहे. मी म्हटलं, असेल. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, त्या फिटरचं ओरडणं कानांत होतं. मला वाटलं, घाबरून सारंगांवर ढकललं असेल मी. आपली पाठ सोडवायला.” त्याचा आवाज खाली गेला. “मी माझ्या मनात तेच धरून बसलोय सर. की मी तसला माणूस आहे.”

या वाक्यासाठी मी तयार नव्हतो. हसनभाईंची नोकरी मी खाल्ली हे मला ठाऊक होतं. या पोराच्या आत बसून त्याच्याविरुद्ध साक्षही मीच देत होतो, हे ठाऊक नव्हतं.

“तू ‘असतील’ म्हणालास,” मी म्हणालो. “आणि ‘बघितलं नाय’ म्हणालास. दोनदा.”

“दोनदा?”

“दोनदा.”

त्याने हातातली दोरी खाली टाकली आणि आत बघून ओरडला, “आई, मी बोललोच नव्हतो!”

आई हातात कप घेऊन बाहेर आली. “काय रे? काय नव्हतास बोललेला? सर, चहा घ्या.”

पण महेश अंगणात पोचला होता. घरातल्याच कपड्यांवर, पायांत चपला नीट न घालता त्याने मोटारसायकल वळवली. मला वाटलं, आता शिवी येईल. ती मला चालली असती. त्याने चावी फिरवली आणि माझ्याकडे बघून विचारलं,

“सर, जयगडवरून दाभोळला सारंगांकडे गेलो, तर शेवटची फेरीबोट मिळेल का?”

मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडेपर्यंत तो रस्त्याला लागला होता.